औषध पेजेतून द्यावे का?

तंबाखूचे झाड प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करू शकते, हे १९८९ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू हायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या प्रतिपिंडाच्या जड साखळीचे जनुक एका झाडात आणि हलक्या साखळीचे दुसऱ्या झाडात घातले, दोन्ही झाडांचा संकर केला आणि पुढच्या पिढीच्या पानांत दोन्ही साखळ्या जुळलेले अख्खे प्रतिपिंड सापडले. सहा वर्षांनी लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या ज्युलियन मा यांच्या गटाने याहून अवघड काम केले. आपल्या लाळेत, आतड्यात आणि आईच्या दुधात जे चार प्रकारच्या साखळ्यांचे 'स्रावी आयजीए' प्रतिपिंड असते, ते त्यांनी तंबाखूत जुळवून दाखवले. तेव्हापासून 'उद्याचा औषध कारखाना म्हणजे शेत' हे भाकीत दर काही वर्षांनी नव्याने केले जाते. सुगी मात्र फारशी झालेली नाही. माझे म्हणणे असे, की दोष झाडाचा नाही, त्याला सांगितलेल्या कामाचा आहे. रक्तात टोचायचे औषध झाडाकडे मागितले की झाडाची स्वस्ताई शुद्धीकरणाच्या खर्चात वाहून जाते. आतड्यात काम करायचे औषध मागितले तर ती हाती राहते. हे म्हणणे मी एकट्याने मांडत बसलो तर त्याची जाहिरात व्हायची, म्हणून दोघांना समोरासमोर बसवले आहे. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरबाई बालरोगतज्ज्ञ. दोघेही कल्पित आहेत, त्यांच्या तोंडची माहिती खरी आहे.

सर : डॉक्टर, लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचे सगळे कारस्थान लहान आतड्याच्या अस्तरावर चालते. पेशींना चिकटायचे, आत शिरायचे, त्या मारायच्या. त्याला अडवणारे प्रतिपिंड रक्तात असण्यापेक्षा आतड्याच्या पोकळीत असले तर जास्त उपयोगी. म्हणजे सुई नको, तोंडाने दिले तरी चालेल. आता अडचण अशी, की नेहमीचे प्रतिपिंड म्हणजे चार साखळ्यांचे मोठे धूड. जठरातल्या आम्लाने आणि पाचकरसाने त्याची वाट लागते. इथे उंटाच्या कुळाची मदत झाली. १९९३ साली ब्रसेल्समधल्या संशोधकांनी दाखवले, की उंट आणि लामा यांच्या रक्तात हलकी साखळी मुळीच नसलेली प्रतिपिंडे असतात. त्यांचे नुसते टोक कापून घेतले तरी ते विषाणूला पकडते. हे टोक आकाराने पूर्ण प्रतिपिंडाच्या दहाव्या हिश्श्याएवढे, आणि उष्णतेला चिवट. रोटाव्हायरसला निकामी करणाऱ्या अशा एका लामाच्या तुकड्याचे नाव एआरपी-१. टोकियो विद्यापीठातल्या हिरोशी कियोनो यांच्या गटाने तो भातात घातला. दाण्याची नेहमीची साठवणीची प्रथिने त्यांनी जनुके गप्प करणाऱ्या आरएनएआय तंत्राने दाबली, म्हणजे दाण्यात या नव्या प्रथिनाला जागा झाली. २०१३ साली त्यांनी जे छापले ते वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. तांदूळ वर्षभराहून अधिक साठवला तरी प्रतिपिंड काम करत होते. उकळल्यावरही करत होते. ९४ अंशांवर अर्धा तास तापवलेल्या तांदळानेही उंदरांचे संरक्षण झाले. फ्रीज नको, सुई नको, शुद्धीकरण नको. उद्या त्या तांदळाची पेज करून पाजता येईल!

डॉक्टर : उंदरांना पाजता येईल, सर. माझ्याकडे उंदीर येत नाहीत. माझ्याकडे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेले मूल येते आणि त्याला पहिल्या तासात काय हवे असते ते आम्हाला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि पटकीचे मृत्यू तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणले. त्यात प्रतिपिंड नव्हते, जनुक नव्हते. आणि हे पाणीसुद्धा आपण अजून सगळ्यांना पाजू शकलेलो नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, जुलाब झालेल्या मुलांपैकी जेमतेम साठ टक्क्यांना जलसंजीवनी मिळाली होती. उरलेल्या चाळीस टक्क्यांपर्यंत तुमचा तांदूळ कोणत्या वाटेने पोचणार? दुसरे, एआरपी-१ची माणसांवर चाचणी झालेली आहे, तीही ढाक्यात, आपल्यासारख्याच मुलांवर. तिथे ते यीस्टमध्ये बनवलेले होते, पण रेणू तोच. ज्यांना निव्वळ रोटाव्हायरस होता त्यांच्या जुलाबाचे प्रमाण वीस-बावीस टक्क्यांनी घटले. बरे झाले. पण आजाराचे दिवस कमी झाले नाहीत आणि जलसंजीवनीही तेवढीच लागली. आई मला 'किती ग्रॅम' असे विचारत नाही, 'कधी थांबेल' असे विचारते.

डॉक्टरबाईंचा हा दुसरा मुद्दा टाळून पुढे जाणारे लेख मी बरेच पाहिले आहेत. उंदरांवरचे निकाल सविस्तर आणि ढाक्याचे निकाल एका वाक्यात, अशी त्यांची मांडणी असते. हे प्रामाणिकपणाचे नाही. वनस्पतिजन्य प्रतिपिंडाची बाजू घ्यायची तर या निकालापासूनच सुरुवात करायला हवी.

सर : तो निकाल मला मान्य आहे. त्याचा मी दोन प्रकारे विचार करतो. एक असा, की मूल दवाखान्यात येते तोवर विषाणूचे काम बरेचसे उरकलेले असते. अस्तराच्या पेशी मेलेल्या असतात आणि नव्या यायला दिवस लागतात. प्रतिपिंड नवा विषाणू अडवील, गेलेली पेशी कशी आणील? दुसरा विचार जास्त महत्त्वाचा. त्याच ढाक्यात १९९८ साली वेगळा प्रयोग छापला गेला होता. गाईंना रोटाव्हायरस टोचायचा, व्यायल्यावर त्यांचा चीक काढायचा आणि त्यातली प्रतिपिंडे आजारी मुलांना द्यायची. हो, आपण ज्याचा खरवस करतो तोच चीक. त्या मुलांचे जुलाब कमी झाले, जलसंजीवनी कमी लागली आणि विषाणू लवकर गेला. फरक कशात? चिकात एकाच विषाणूवर अनेक ठिकाणी चिकटणारी शेकडो प्रतिपिंडे असतात. एआरपी-१ हा एकटा शिपाई. म्हणजे तोंडाने दिलेले प्रतिपिंड चालत नाही असे ढाक्याने सिद्ध केले नाही. एक तुकडा उशिरा दिला तर फार चालत नाही, एवढेच सिद्ध केले. चिकाची अडचण अशी, की गाय काही दिवसच चीक देते आणि दर गाईचा चीक निराळा. चार-पाच निवडक प्रतिपिंडे घेऊन दरवर्षी तेच मिश्रण तयार करायचे असेल तर बियाण्यासारखी सोय नाही.

डॉक्टर : चार-पाच प्रतिपिंडे असलेल्या तांदळाची मुलांवर चाचणी झाली आहे का?

सर : नाही. तांदळाची पूड माणसांनी घेतली आहे, पण ती टोकियोच्याच गटाची पटकीवरची लस होती. २०२१ साली निकाल आले. निरोगी प्रौढांना ती पूड मिठाच्या पाण्यात कालवून दिली आणि तिच्यामुळे गंभीर त्रास कोणाला झाल्याचे आढळले नाही. प्रतिपिंडाच्या बाबतीत अजून तेवढेही नाही.

डॉक्टर : मग उपचार राहू द्या, प्रतिबंधाचे बोला. तिथे तर आपली बाजू भक्कम आहे. रोटाव्हायरसवरच्या रोटाव्हॅक लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वढूला झाली, ६,७९९ बाळांवर. मार्च २०१६पासून ती सरकारी लसीकरणात आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल नंतर आली, आणि २०१९पासून महाराष्ट्रातही रोटाव्हायरसची लस फुकट मिळते. तीन डोस आणि काम झाले. तुमचे प्रतिपिंड आतड्यातून एक-दोन दिवसांत वाहून जाणार. म्हणजे रोज द्यायचे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असे आम्ही घसा फोडून सांगतो, त्यात ही तुमची पेज! शिवाय त्या आईच्या दुधातही स्रावी आयजीए असतेच, तेही फुकट.

सर : त्याच वढूच्या चाचणीचा दुसरा आकडा सांगा ना. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस जुलाबापासून संरक्षण साधारण छप्पन टक्के. श्रीमंत देशांत अशाच लसी पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे जातात. मी लसीला नावे ठेवत नाही. लाखो मुलांचा प्रश्न असतो तेव्हा छप्पन टक्के फार मोठे असतात. पण ज्या आतड्याला आधीच दहा जंतूंनी घेरले आहे, जिथे पोषण कमी आहे, तिथे ही तोंडावाटे दिलेली जिवंत लस नीट रुजत नाही. प्रतिपिंडाला बाळाच्या प्रतिकारशक्तीकडून काहीच शिकून घ्यायचे नसते, ते स्वतःच काम करते. आणि ज्या बाळात शिकणारी यंत्रणाच नाही, त्याचे काय? जन्मतः तीव्र प्रतिकारक्षमता-अभाव असलेल्या बाळाला ही जिवंत लस द्यायचीच नसते. लसीतला विषाणूच त्याच्या आतड्यात मुक्काम ठोकतो. सहाव्या आठवड्याला डोस देताना हा आजार बहुधा कळलेलाही नसतो.

डॉक्टर : हे मात्र खरे. अशी मुले पाहिली आहेत. महिनोन्महिने जुलाब, आणि आमच्या हातात काही नाही. अवयवरोपण झालेल्यांमध्ये नोरोव्हायरस असाच रेंगाळतो. त्यावर ना लस, ना औषध.

सर : टोकियोच्या प्रयोगात प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांतही विषाणू घटला होता. मला सर्वांत मोलाचा निकाल तो वाटतो, इतरांना भले वर्षभर टिकलेला तांदूळ जास्त चमकदार वाटो.

इथे वाद पहिल्यांदा पुढे सरकला, आणि तो सरांच्या माघारीने सरकला. घरोघरच्या पेजेवरून ते रुग्णालयातल्या मोजक्या मुलांवर आले. माझ्या मते ही माघार म्हणजे पराभव नव्हे. ज्याच्या शरीराला स्वतः लढता येत नाही किंवा ज्याला फक्त काही आठवडे आधार हवा आहे, त्यालाच बाहेरून आणलेल्या प्रतिपिंडाची खरी गरज असते. प्रतिकारशक्ती नसलेले मूल, रोपण झालेला रुग्ण, साथ शिरलेला नवजात अर्भकांचा कक्ष, यांची गरज लस भागवू शकत नाही. जलसंजीवनी तिथे जीव वाचवते पण विषाणू घालवत नाही. बाकी कोट्यवधी मुलांसाठी डॉक्टरबाईंचे पाणी, झिंक आणि लस यांनाच पहिला मान. वनस्पतिजन्य औषधांचे उत्साही समर्थक हा क्रम उलटा लावतात, आणि मग डॉक्टर त्यांचे ऐकत नाहीत.

डॉक्टर : ठीक. मोजक्या मुलांसाठी म्हणता, तर ते यीस्टमध्ये किंवा स्टीलच्या टाकीत का बनवू नये? झाडांनी आजवर दिवे लावलेत कुठे? २०१४च्या इबोलात झीमॅपचा केवढा गाजावाजा झाला! तंबाखूच्या जातीच्या झाडात बनवलेली तीन प्रतिपिंडे. आणि २०१८-१९मध्ये काँगोत खरी तुलना झाली तेव्हा झीमॅप घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले, तर एमएबी-११४ हे दुसरे प्रतिपिंड घेतलेल्यांपैकी पस्तीस टक्के. कॅनडाच्या मेडिकागोने झाडात बनवलेल्या कोविड लसीला फेब्रुवारी २०२२मध्ये मान्यता मिळवली आणि वर्षभरात कंपनीलाच टाळे लागले.

सर : झीमॅप हरले ते त्यातली प्रतिपिंडे दुबळी होती म्हणून. ती कशात बनवली म्हणून नव्हे. पण तुमच्या दोन्ही उदाहरणांत माझाच मुद्दा आहे. दोन्ही टोचायची औषधे. पानाचा चोथा करा, हिरवा रंग काढा, झाडाची शेकडो प्रथिने काढा, जिवाणूंचे अवशेष काढा. हे सगळे करता करता झाड पिकवण्यात वाचलेला पैसा संपतो. शिवाय झाड प्रथिनावर आपल्या पद्धतीची शर्करा चिकटवते, ती रक्तात गेल्यावर काय करील याची धास्ती वेगळीच. झाडाच्या कुळातून निघून खरोखर बाजारात टिकलेले औषध बघा. २०१२ साली अमेरिकेत मान्य झालेले एलेलिसो, गाजराच्या पेशींत बनवलेले. ते टोचायचेच आहे, पण त्या पेशी शेतात नाहीत, बंद पिशव्यांत वाढतात आणि रोग इतका दुर्मीळ की किंमत कोणी विचारत नाही. तोंडाने द्यायचे असेल तर हिशोब बदलतो. तांदूळ आपण खातोच. त्यातले बाकीचे काही काढून टाकायची गरज नाही. लामाच्या तुकड्यावर शर्कराही बसत नाही. यीस्टमधून काढलेला रेणू गाळावा लागतो, वाळवावा लागतो, टिकवावा लागतो. दाण्यात पहिल्या कामाची गरज नाही, बाकीची दोन निसर्गतः होतात.

डॉक्टर : आणि तो दाणा शेजारच्या शेतात, तिथून कणगीत, तिथून पातेल्यात गेला तर?

हा आक्षेप भावनिक म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण तसे घडलेले आहे. २००२ साली अमेरिकेच्या नेब्रास्कात प्रॉडिजीन कंपनीच्या औषधी मक्याची आदल्या हंगामातली रोपे पुढच्या वर्षीच्या सोयाबीनमध्ये आपोआप उगवली आणि कापणीत मिसळली. त्या मक्यात डुकरांच्या पिलांना होणाऱ्या आतड्याच्या विषाणूरोगावरची लस होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. अडीच लाख डॉलरचा दंड झाला आणि सुमारे पाच लाख बुशेल सोयाबीनची विल्हेवाट लावावी लागली. भाताचे उदाहरण आणखी बोलके आहे. २००६मध्ये बेयरचा लिबर्टीलिंक भात अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात मिसळलेला सापडला. युरोप आणि जपानने बाजार आवळले, आणि २०११ साली कंपनीने शेतकऱ्यांना ७५ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. तो तर नुसता तणनाशक सोसणारा भात होता, औषध नव्हते. भात स्वपरागी पीक आहे हे खरे, पण मिसळ परागांनीच होते असे नाही. मळणी यंत्र, पोते, ट्रक, माणसाची घाई, यांतूनही होते. जालन्याच्या महिकोचे बीटी वांगे फेब्रुवारी २०१०पासून आपल्याकडे स्थगित आहे. ते खाण्यासाठीच बनवलेले होते. औषधी तांदूळ चुकून खाण्यात गेला तर लोक काय म्हणतील, हे सांगायला नको.

सर : उघड्या शेतात तो लावावा असे मी म्हणणारच नाही. पटकीच्या लसीचा टोकियोचा तांदूळ बंद खोलीत, मातीविना, दिव्यांखाली वाढवला होता. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी रोटाव्हायरसवरचे मानवी आयजीए टोमॅटोत बनवले, आणि तो टोमॅटो जांभळा होईल अशी तजवीज केली, म्हणजे बाजारच्या टोमॅटोत तो मिसळला तर डोळ्यांना लगेच कळावे. मला ही युक्ती फार आवडते. आणि डॉक्टरबाई, तुम्हीच मला मोजक्या मुलांवर आणलेत. तेवढ्यांना पुरेल एवढा तांदूळ एका बंद इमारतीत पिकतो. एकरांची भाषाच नको.

डॉक्टर : मग ती पेजही नको. आई भांड्यात किती पाणी घालते, मूल किती पिते, किती ओकते, कशाचाच नेम नसतो. औषध म्हणजे मोजलेला डोस. पुडीत द्या, वर तारीख आणि मात्रा छापा, दवाखान्यातून द्या. 'औषधी तांदूळ' हे नावच नको. उद्या कोणीतरी रेशनवर मागेल आणि परवा कोणीतरी काळ्या बाजारात विकेल.

सर : कबूल. पूड आणि पुडी.

डॉक्टर : शेवटचे. यात पैसा कोण घालणार? रोटाव्हायरसने मरणारी मुले गरिबांची. रोपण झालेली आणि प्रतिकारशक्ती नसलेली मुले थोडी. कंपनीला दोन्हींत रस नाही.

सर : पहिला ग्राहक डुक्कर असेल. हसू नका. घेंट विद्यापीठाच्या गटाने २०१३मध्ये बियांमध्ये बनवलेली प्रतिपिंडे आईपासून तोडलेल्या पिलांना खाद्यातून दिली आणि जुलाब घडवणाऱ्या ई-कोलायच्या संसर्गापासून त्यांचे संरक्षण झाले. तो जिवाणू होता, विषाणू नव्हे, पण वाट तीच. पशुखाद्यात प्रतिजैविके कमी करण्याचा दबाव वाढतो आहे, तिथे गिऱ्हाईक आहे. तिथून तंत्र पक्के होईल, मग माणसाकडे.

डॉक्टर : म्हणजे माझी मुले डुकरांनंतर.

या उत्तराला सरांकडे प्रत्युत्तर नाही, आणि माझ्याकडेही समाधानकारक नाही. बाजारावर सोडले तर क्रम तोच राहील. अपवाद घडवायचा असेल तर तो सरकारी पैशाने घडेल, आणि त्याचा नमुना आपल्या घरातच आहे. रोटाव्हॅक दिल्लीत सापडलेल्या विषाणूपासून तयार झाली, तिच्यामागे सरकारी निधी आणि डॉ. महाराज किशन भान यांच्यासारख्यांची अनेक वर्षांची चिकाटी होती, आणि एका डोसाची किंमत एक डॉलरच्या आसपास ठेवली गेली. तेच शहाणपण इथे वापरायचे तर मागणी नेमकी हवी. उघडे शेत नाही, घरची पेज नाही, प्रत्येक मुलासाठी नाही. बंद जागेत पिकवलेल्या, अनेक प्रतिपिंडे असलेल्या तांदळाची मोजलेली पूड, आणि तिची पहिली चाचणी लस घेऊ न शकणाऱ्या मुलांमध्ये, जुलाब कधी थांबतात या एकाच कसोटीवर. त्या कसोटीला ती उतरली नाही तर विषय संपला असे मानायला सरांची आणि माझीही तयारी असली पाहिजे. उतरली, तर झाडाने पहिल्यांदा त्याला जमणारे काम केले असे म्हणता येईल.

तोवर तांदळात बनवलेले एकही प्रतिपिंड माणसाच्या आतड्याच्या विषाणूरोगावर औषध म्हणून मिळत नाही. बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे झाले की सरकारी केंद्रात रोटाव्हायरसचे डोस फुकट मिळतात. ते चुकवू नका, आणि जलसंजीवनीची पाकिटे घरात ठेवा.